महादूमामांना भरल्या पानावरून उठवल्याबद्दल

मुरबे, ता. पालघर
८ जानेवारी १९९५

तीर्थस्वरूप महादूमामा यांच्या पायांशी भाचा कमलाकांत याचा साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि तो जरा जास्त वाकून, कारण हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. (मामी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी. तो आला की चष्मा पुसायला घ्या, म्हणजे मामांना शंका येणार नाही.) तुमची तब्येत, मामींचा गुडघा आणि होडीचं इंजिन ही तिन्ही आता कुरकुरत नसतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर क्षेम फक्त गावातल्या मांजरांचं आहे, आणि मांजरांचा या पत्राशी काय संबंध ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात बाबा आणि मी नारळ घेऊन एडवणला आलो होतो. मामा समुद्रावर गेलेत असं मामींनी सांगितलं. तुमची होडी वाळूत आडवी पडली होती, वहाणा पायरीवर होत्या आणि आतल्या खोलीतून तुमचा खोकला ऐकू येत होता, पण बाबा म्हणाले की समुद्रावर गेलेल्या माणसाला हाक मारू नये. आम्ही चहा घेतला, नारळ ठेवला आणि निघालो. (मामी, चहात साखर नव्हती. ते रागाने की विसरून, यावर आम्ही केळव्यापर्यंत बोलत होतो.) तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही ते आता लिहितो. पुष्पलताच्या साखरपुड्याला मी तुम्हाला वाढलेल्या पानावरून उठवलं. सख्ख्या मामाला, पहिला घास घ्यायच्या आधी, सगळ्या गावादेखत. आता माघात तिचं लग्न आहे आणि ती म्हणते, मामा हात धरून मांडवात नेणार असेल तरच मी खोलीबाहेर पाऊल टाकीन. तुम्ही येणार नसाल तर मांडव, भटजी, वाणगावचे व्याही आणि नवरा मुलगा हे सगळे बाहेर एकमेकांची तोंडं बघत बसतील. ती बोलते तसं करते, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तिला डोक्यावर तुम्हीच बसवलंय. म्हणून हे सगळं घडलं कसं ते सविस्तर सांगतो. दोष माझा आहे, पण तो माझा मी शिकलो नाही. तो मला कारखान्यातल्या कॉम्प्युटरने शिकवला.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सांभाळतोस म्हणजे काय करतोस, ते काय रडतं का, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. रडत नाही, पण गार खोलीत ठेवावं लागतं आणि आत जाताना वहाणा काढाव्या लागतात. (बाबा एकदा बघायला आले होते. हात जोडून उभे राहिले आणि नारळ कुठे फोडायचा म्हणून मला हळूच विचारलं.) या एकाच पेटीला कारखानाभर तारा जोडल्या आहेत. फाटकावरचा माणूस, गोदामातला माणूस, हिशेबातला माणूस, सगळे आपापल्या पडद्यासमोर बसून त्याच एका पेटीकडून कामं करून घेतात. काम करायला तिला आत जी जागा लागते तिला मेमरी म्हणतात. मेमरी म्हणजे आपला मासळी साफ करायचा ओटा समजा. ओटा जेवढा असेल तेवढीच मासळी एका वेळी पुढ्यात घेता येते.

आता गंमत ऐका. कुठल्याही कामाने जागा मागितली की आमचं यंत्र बेधडक घे म्हणतं. तेवढी जागा शिल्लक आहे का, हे बघतसुद्धा नाही. त्याचा अनुभव असा की मागणारे भारंभार मागून ठेवतात आणि प्रत्यक्षात त्यातली थोडीच वापरतात. म्हणून ते सगळ्यांना सगळं कबूल करतं आणि निर्धास्त राहतं. हे मला समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कारण मला मुरब्याची आठवण झाली. आपल्याकडे घरात कार्य निघालं की चूलबंद आमंत्रण करतात. त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट सगळ्यांनी आपल्याकडेच जेवायचं. आवतन सगळ्या गावाला, वर आजोळच्या गावाला, आणि भात शिजतो निम्म्या माणसांचा. कारण निम्मे पुरुष त्या दिवशी समुद्रावर असतात आणि उरलेल्यांतले काही लाजेकाजेस्तव एकालाच पाठवतात. माझ्या आज्यापासून हे असं चालत आलंय आणि कधी कोणी उपाशी गेलेलं नाही. परदेशातल्या हुशार लोकांनी डोकी खाजवून जी युक्ती काढली ती आपल्या बायका चुलीशी बसून करतात, हे मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो.

यंत्राचा अंदाज चुकला तर काय, हेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एखाद्या दिवशी सगळेच आपापली मागून ठेवलेली जागा खरोखर वापरायला लागतात. मग यंत्र ओट्यावरचं जे आत्ता लागत नाही ते उचलून माळ्यावर टाकतं. ते लागलं की खाली आणतं आणि दुसरं वर टाकतं. गर्दी फार झाली तर त्याचा सगळा वेळ शिडी चढण्या-उतरण्यात जातो आणि काम कोणाचंच होत नाही. माळाही भरत आला की ते सगळ्या कामांना इशारा देतं, की बाबांनो अडचण आलीय, जमेल तेवढं आवरतं घ्या. ज्यांना तो इशारा ओळखायला शिकवलंय ती बिचारी जागा सोडतात. बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसतो. आणि तेवढ्यानेही भागलं नाही, तर यंत्र एकाला मारतं. मारतं हाच शब्द आहे, मी वाढवून सांगत नाही. त्याचा कायदा असा की कोणी किती मागितलं हे बघायचं नाही, या घडीला सर्वांत जास्त जागा धरून कोण बसलंय ते बघायचं आणि त्याला उठवायचं. न विचारता. त्याचं काम अर्ध्यावर का असेना.

दिवाळीच्या सुमारास हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. हिशेब खात्यातल्या एका गृहस्थांनी कारखाना निघाल्यापासूनचा सगळा तपशील एकदम छापायला घेतला. सगळे पडदे थिजले. फाटकावरून शिव्या यायला लागल्या. आणि मग यंत्राने त्या गृहस्थांचं काम मारलं, अन् पुढच्या क्षणी सगळीकडे पुन्हा सुरळीत. त्या गृहस्थांनी कपाळावर हात मारला, बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काय ही निर्णयशक्ती! ना भीड, ना मुर्वत. आपल्या माणसांत हेच कमी आहे. (मामी, त्या दिवसापासून मी जरा जास्तच ताठ चालायला लागलो, असं आई म्हणते.)

मग आला पुष्पलताचा साखरपुडा. बाबांच्या मनात या वेळी भात जास्त टाकायचा होता, एकुलती एक लेक आहे म्हणून. मी त्यांना अडवलं. नेहमीपेक्षाही थोडा कमी टाका म्हणालो, आणि वर यंत्राचा दाखला दिला. वहाणा काढून ज्याच्यासमोर उभे राहिलो त्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून बाबा गप्प बसले. आणि आदल्या दिवशी आकाशवाणीने वादळाचा इशारा दिला. संध्याकाळपर्यंत झाडून सगळ्या होड्या किनाऱ्याला. वादळ काही आलं नाही. आला तो गाव. सगळे पुरुष घरी, सगळ्यांच्या चुली बंद आणि समुद्रावरून अर्धवट परतल्यामुळे सगळे तापलेले आणि भुकेलेले. त्यात एडवणहून तुमचा टेम्पो आला, माणसांनी खच्चून भरलेला. तुमच्याही होड्या किनाऱ्यालाच होत्या आणि आमंत्रण चूलबंदच होतं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना आणलंत यात तुमची काहीच चूक नव्हती. उलट तो आमचा मान होता. माझे साहेबसुद्धा दोन जीपगाड्या भरून मंडळी घेऊन आले होते. ते पंगतीच्या तोंडाशीच बसले होते आणि त्यांना कोळंबीचं कालवण इतकं आवडलं की "और लाओ भाई, और लाओ" करत ते वाढप्याला पुढे सरकूच देत नव्हते. (याचा मला तेव्हा अभिमान वाटला.)

आत हिराआत्याचा तोल सुटत चालला होता. एका चुलीवरचं पातेलं उतरवून पडवीत, पडवीतलं चुलीवर, भाताचं कालवणाच्या जागी आणि कालवणाचं अंगणात. तिची नुसती ये-जा चालली होती आणि शिजत काहीच नव्हतं. शेवटी तिने आमच्या घराण्याचा इशारा दिला. डावाने पातेल्याच्या काठावर टकटक. याचा अर्थ घरच्यांनी हात आवरायचे. आम्ही सगळे लगेच पानावरून मागे सरलो, बाबा तर लोणच्यावर आले. तुम्ही एडवणचे, तुम्हाला ती टकटक ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तुम्ही मान वर करून, "हिराबाय, भात तळाला लागला काय गो?" म्हणून काळजीने विचारलंत. आणि नेमके तेव्हाच वाणगावचे व्याही बैठक आटोपून उठले आणि जेवायला बसायचं कुठे म्हणून पंगतीच्या कडेला उभे राहिले. मुलीच्या घरी व्याही उभे! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. मी पंगतीवरून नजर फिरवली आणि तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो.

तुम्ही भात कालवायला हात पुढे केला होता. मी म्हणालो, "मामा, तुमी घरचेच. जरा उटाल काय? व्याही उबे हायत." तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, एकदा पानाकडे. मग पानाला हात जोडलेत, "बरं रे पोरा" म्हणालात आणि उठलात. तुमच्याबरोबर एडवणची सगळी माणसं उठली. तुम्ही पाण्याच्या पिंपाशी जाऊन हात धुतलेत, आणि ते हात खरकटे झालेलेच नव्हते, हे मला अजून दिसतं. व्याही बसले, भात कसाबसा पुरला, कोणाला कळलंसुद्धा नाही, आणि मी मनात म्हटलं की जमलं. पुढच्या पंगतीला तुम्हाला बोलवायला बाहेर आलो तर टेम्पो निघाला होता. त्याच्या मागून पाण्याची एक धार गल्लीभर सांडत गेली होती आणि गावातली यच्चयावत मांजरं साखरपुडा सोडून त्या धारेमागे चालली होती. बाबा म्हणाले, मांजरंही मामाच्या बाजूची दिसतात. आम्ही हसलो. हसलो याची आता लाज वाटते.

त्याच्या पुढच्या सोमवारी कारखान्यात पुन्हा मेमरी संपली. मी निवांत होतो, यंत्र निस्तरील म्हणून. यंत्राने कायद्याप्रमाणे सर्वांत मोठं काम निवडलं आणि मारलं. ते काम होतं माल बाहेर पाठवण्याचं. गोदामाचं, फाटकाचं, हिशेबाचं, सगळ्यांचं त्याच एका कामातून चालायचं. बाकी सगळं जिवंत राहिलं आणि कोणाला करायला काही उरलं नाही. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत ट्रक उभे, आणि साहेब माझ्यासमोर उभे. त्यांच्या शिव्या चालू असताना मला एकदम कळलं की ते काम खादाड म्हणून मोठं नव्हतं. सगळ्यांचं ओझं त्याच्या अंगावर होतं, म्हणून ते मोठं होतं. आणि मामा, साहेबांकडे बघता बघता मला तुम्ही दिसलात, पाण्याच्या पिंपाशी.

उरलेलं तुमच्या टेम्पोवाल्या गोमाने बोईसरच्या बाजारात सांगितलं. (त्याला रागावू नका मामी, मीच त्याला वडा खायला घालून विचारलं.) आपल्या घरची रीत आहे, आजोळचा आहेर मामा आपणहून उघडत नाही. मामा पहिला घास घेतो, मग यजमान हात जोडून विचारतो की मामा, आजोळाने काय धाडलं, आणि मग मामा सांगतो. मी तुम्हाला त्या घासाच्या आधी उठवलं, म्हणून विचारायची वेळच आली नाही. गोमा म्हणाला, "पापलेटा व्हती. मामानी सगल्या होड्यांतली निवडून काडली, बरफात घातली. भाचीच्या जेवनाला." आत आमटीत पाणी ओतत होतो आणि दाराशी उभ्या टेम्पोत सगळ्या गावाला पुरून उरेल एवढं पापलेट होतं. मग तुम्ही पालघरच्या पुढे एका पाड्याशी टेम्पो थांबवलात आणि ती सगळी मासळी तिथे उतरवलीत. गोमा म्हणाला, तुम्ही तेव्हा एवढंच बोललात: "माज्या भाचीचा साकरपुडा हाय. जेवा." तिथल्या एका म्हातारीने भाचीचं नाव विचारून घेतलं आणि मासळी भाजता भाजता बायकांनी पुष्पलताचं नाव घालून गाणी म्हटली. तुम्हीही तिथेच जेवलात.

म्हणजे पुष्पलताच्या साखरपुड्याचं खरं जेवण त्या पाड्यावर झालं, मामा. आम्ही इकडे नुसती पानं मांडली होती. एवढ्या रागातसुद्धा तुम्ही तिच्याच नावाने जेवण घातलंत, हे ऐकल्यावर मी बाजारात उभ्या उभ्या रडलो. गोमा म्हणाला, वडा तिकट हाय काय? मी हो म्हणालो. मला फार वाईट वाटतं. उपाशी उठवल्याचं तर वाटतंच, पण तुम्ही सोबत काय आणलंय हे विचारायच्या आधी उठवल्याचं जास्त वाटतं.

तरी माघ शुद्धात आपण सर्वांनी मुरब्याला यावं. अर्थातच चूलबंद आमंत्रण आहे. या वेळी यंत्राला न विचारता भात टाकणार आहोत, एकही होडी समुद्रावर नाही असं धरून. घास घ्या, घेऊ नका, बोला, बोलू नका, पण पुष्पलताला हात धरून मांडवात न्या. तिच्या मागे उभं राहायला दुसरा मामा आम्ही कुठून आणू?

आपला अपराधी भाचा,
कमलाकांत

ता. क. मी एक तोड सुचवतो. लग्नाच्या दिवशी तुम्ही मला भरल्या पानावरून उठवा. सगळ्या गावासमोर, व्याह्यांसमोर, मोठ्या आवाजात. मी पानाला हात जोडून मुकाट उठेन. म्हणजे फिटंफाट होईल. फक्त तळलेलं वाढून झाल्यानंतर, थोड्या वेळाने उठवलंत तर बरं. (मामी, एवढं मात्र मामांना वाचून दाखवा.)

ता. क. दुसरा. हे पत्र आईला वाचून दाखवलं, कंस गाळून. तुम्ही लहान असताना तिनेच तुम्हाला भरवलंय, म्हणून तिची परवानगी हवी होती. शेवटपर्यंत ती बांगडे उलटसुलट करत ऐकत होती. मग म्हणाली, तो यंत्राचा कायदा परत वाच. मी वाचला. सर्वांत जास्त जागा धरून कोण बसलंय ते बघायचं आणि त्याला उठवायचं. आई म्हणाली, "महादूच्या भाताला तर हात बी लागला नवता. जास्त धरून तुजा साहेब बसला व्हता. त्याला का नाय उटवला?" यंत्र असतं तर त्याने साहेबांनाच उठवलं असतं, मामा. तुम्हाला मी उठवलं, कारण तुम्ही आमचे.

ता. क. तिसरा, आईचा. ती सांगते तसं लिहितोय, माझा एक शब्द नाही:

महादू, पोराला अक्कल नाय, तुला हाय. ये. तुजं पान मी वाडीन आनि तुजा घास होईस्तवर तितंच उबी राहीन, बघू कोन उटवतो. त्या दिवसापासून मी बी पंगतीला बसली नाय. आनि येताना बरफ जास्त घाल. तेवा टेम्पोखाली पानी गळताना मी मागच्या दारातून बघितलं व्हतं. मला कळलं व्हतं तू काय आनलंस ते. पन भावाच्या आहेराचं बहिणीनं विचारायचं नसतं, म्हनून मी गप बसली.